गिलचे ७५४, गावसकरांचे ७७४ आणि जालन्याचे ४५१: वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना कशी करायची?

२०२५ चा इंग्लंड दौरा संपला तेव्हापासून एक इमेज व्हॉट्सअ‍ॅपपासून इन्स्टापर्यंत सगळीकडे फिरते आहे. डावीकडे शुभमन गिल, उजवीकडे ब्लॅक अँड व्हाइट फोटोत सुनील गावसकर, आणि खाली मोठ्या अक्षरांत ७५४ आणि ७७४. एका कसोटी मालिकेत भारतीय बॅटरने केलेल्या सर्वाधिक धावांच्या यादीतले हे पहिले दोन आकडे. २० धावांचा फरक आहे, म्हणजे एका चांगल्या ओव्हरएवढा.

कमेंट्समध्ये दोन गट ठरलेले असतात. पहिला म्हणतो, "गिलला पाच कसोटी लागल्या, गावसकरांनी चारमध्येच केलं, विषय संपला." दुसरा म्हणतो, "तेव्हा हेल्मेट नव्हतं, समोर वेस्ट इंडिजची ती आग ओकणारी चौकडी होती." पहिल्या गटाचं म्हणणं अर्धंच आहे. दुसऱ्याचं हेल्मेटबद्दल बरोबर आहे, पण चौकडीबद्दल साफ चूक आहे. आणि जालन्यात हा वाद रंगला की कुणीतरी तिसरा आकडा काढतोच: ४५१, आपल्या विजय झोलचा. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण तुलना करायला तोच सगळ्यात अवघड आहे.

आधी कच्चा डेटा बघू. कुठलीही एकत्रित संख्या दिसली की ती कशापासून बनली आहे हे आधी बघायचं, ही सॉफ्टवेअरवाल्यांची सवय. इथे ते सोपं आहे, कारण डाव मोजकेच आहेत.

गावसकर, १९७१, वेस्ट इंडिजमध्ये: ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०.

गिल, २०२५, इंग्लंडमध्ये: १४७, ८, २६९, १६१, १६, ६, १२, १०३, २१, ११.

दोन्ही ओळी फोनच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करून बघा. ७७४ आणि ७५४ बरोबर येतात. आता बेरीज विसरा आणि नुसते डाव वाचा. गावसकरांचा एकच डाव वाया गेला, तो १ धावेचा. बाकी प्रत्येक वेळी किमान ६४. गिलचे दहापैकी सहा डाव २१ किंवा त्याहून कमी. त्याच्या ७५४ पैकी ४३० धावा एकट्या एजबॅस्टनच्या कसोटीत आल्या, म्हणजे मालिकेतल्या ५७ टक्के धावा एका सामन्यात.

इथे मीडियन कामाला येतो, म्हणजे दहावीच्या पुस्तकातला मध्यक. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. गूगल शीट्समध्ये त्यासाठी तयार फॉर्म्युला आहे, डाव एका कॉलममध्ये टाकले की झालं. गावसकरांचा मीडियन ९१.५ येतो. गिलचा येतो १८.५. पहिल्यांदा पाहिल्यावर विश्वास बसत नाही, पण गणित बरोबर आहे. यशस्वी जयस्वालने २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्ध घरच्या मैदानांवर ७१२ केले होते. त्याचे नऊ डाव ८०, १५, २०९, १७, १०, नाबाद २१४, ७३, ३७, ५७. त्याचा मीडियन ५७. म्हणजे बेरजेत गिलच्या मागे, सातत्यात खूप पुढे.

मग गिलची मालिका फुगवलेली होती का? अजिबात नाही. एजबॅस्टनला २६९ आणि १६१ करणं म्हणजे काय, हे त्या कसोटीच्या एकूण धावांतून दिसतं. चार डावांत मिळून १६९२ धावा झाल्या, त्यातल्या ४३० एका माणसाच्या. भारत ती कसोटी जिंकला. पंचवीस वर्षांचा मुलगा कॅप्टन म्हणून पहिलीच मालिका खेळतो आहे, आणि पहिल्या दोन कसोटींत मिळून ५८५ धावा काढतो. मीडियनला हे शिखर दिसतच नाही. मीडियन विचारतो, "नेहमीचा दिवस कसा होता?" बेरीज विचारते, "एकूण किती?" प्रश्न वेगळे आहेत, त्यामुळे उत्तरंही वेगळी येणारच.

आता ॲव्हरेज. क्रिकेटमध्ये सरासरी काढताना धावांना डावांनी नाही, तर बाद झालेल्या वेळांनी भागतात. गावसकर आठ डावांत पाचदाच बाद झाले, म्हणून १५४.८०. गिल दहाही डावांत बाद, म्हणून ७५.४०. इमेज बनवणारे हे १५४ बघून हुरळून जातात. पण याच २०२५ च्या मालिकेत रवींद्र जडेजाने ५१६ धावा केल्या आणि त्याची सरासरी ८६ होती, गिलपेक्षा जास्त! कारण जडेजा खालच्या क्रमांकावर येऊन चार वेळा नाबाद राहिला. जडेजा त्या मालिकेतला गिलपेक्षा मोठा बॅटर होता, असं जडेजाचे फॅनसुद्धा म्हणणार नाहीत.

उलट बाजूने, नाबाद डाव हा पूर्ण झालेलाच नसतो. गावसकरांचे नाबाद ६७ हे पोर्ट ऑफ स्पेनला १२४ चं लक्ष्य गाठताना आले. सामना संपला म्हणून डाव संपला. बाकीचे दोन नाबाद डाव सामने अनिर्णित सुटल्यामुळे थांबले. स्टॅटिस्टिक्समध्ये अशा अर्धवट थांबलेल्या नोंदींसाठी वेगळ्या पद्धती असतात. फोनची बॅटरी किती टिकते याची टेस्ट चालू असताना मध्येच लाईट आली आणि कुणी चार्जर लावला, तर "सात तास टिकली" असं लिहायचं नसतं, "किमान सात तास" असं लिहायचं असतं. डावांना सरळ भागलं तर त्या "किमान"वर अन्याय होतो, आणि फक्त बाद होण्याने भागलं तर आकडा फुगतो. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं.

आता त्या चौकडीची गोष्ट. वडीलधाऱ्यांकडून ही हमखास ऐकायला मिळते, आणि तारखा बघितल्या की ती लगेच कोसळते. अँडी रॉबर्ट्स पहिली कसोटी खेळले १९७४ मध्ये. मायकेल होल्डिंग १९७५ मध्ये. जोएल गार्नर आणि कॉलिन क्रॉफ्ट १९७७ मध्ये. माल्कम मार्शल १९७८ मध्ये. गावसकरांचे ७७४ आहेत १९७१ चे! वेस्ली हॉल आणि चार्ली ग्रिफिथ ही आधीची जोडी तोवर संपली होती आणि नवी यायची होती. मधल्या पोकळीतल्या त्या बॉलिंगसमोर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनीही ६४२ धावा केल्या, त्यात द्विशतक. समोरून गॅरी सोबर्सनी ५९७. म्हणजे मालिकेत धावा सगळ्यांनाच मिळत होत्या.

गिलच्या समोरही तसंच होतं. जेम्स अँडरसन आणि स्टुअर्ट ब्रॉड निवृत्त झालेले. जोफ्रा आर्चर चार वर्षांनी कसोटीत परतला तो तिसऱ्या सामन्यात, लॉर्ड्सला, आणि एजबॅस्टनला तो नव्हताच. बॉलिंग कमकुवत होती हा मुद्दा काढायचा असेल तर तो दोघांनाही लावा.

गावसकरांनी खरी आग खेळली ती नंतर, आणि ती गोष्ट ७७४ पेक्षा भारी आहे असं माझं मत आहे. १९८३ च्या शेवटी मार्शल आणि होल्डिंग समोर असताना दिल्लीत १२१, आणि पुढे चेन्नईत नाबाद २३६. वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांची एकूण १३ कसोटी शतकं आहेत. पण त्यावर इमेज बनत नाही, कारण १२१ हा आकडा ७७४ सारखा डोळ्यांत भरत नाही.

वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना करण्याचा प्रश्न आपल्याआधी बेसबॉलवाल्यांनी जास्त गांभीर्याने घेतला. तिकडे सध्याचा सुपरस्टार आहे जपानचा शोहेई ओहतानी, जो बॅटिंगही करतो आणि पिचिंगही. २०२४ मध्ये त्याने ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले. एकाच सीझनमध्ये दोन्ही पन्नाशीपार करणारा तो पहिलाच. त्याची तुलना होते बेब रूथशी, ज्याने १९२७ मध्ये ६० होमरन मारले होते, आणि जो सुरुवातीला पिचरच होता. शंभर वर्षांचं अंतर, वेगळा बॉल, वेगळी मैदानं. तर त्यांनी एक सोपी युक्ती काढली. त्या वर्षी लीगमधल्या सर्वसाधारण खेळाडूची कामगिरी १०० धरायची आणि प्रत्येकाला त्या तुलनेत मोजायचं, मैदान बॅटिंगला सोपं की अवघड हेही त्यात धरून. १५० आला तर तो खेळाडू आपल्या काळातल्या सरासरीपेक्षा दीडपट. म्हणजे रूथची तुलना ओहतानीशी थेट होत नाही. रूथची होते १९२७ च्या लोकांशी, ओहतानीची २०२४ च्या लोकांशी, आणि मग ती दोन गुणोत्तरं शेजारी ठेवतात.

तेच आपल्याकडे करून पाहू. एका डावामागे किती धावा, असं साधं धरतो. गिल ७५.४, त्याच मालिकेत भारताचा दुसरा सर्वाधिक धावा करणारा के. एल. राहुल ५३.२. गुणोत्तर १.४२. गावसकर ९६.७५, सरदेसाई ८०.२५. गुणोत्तर १.२१. म्हणजे गिल पुढे! पण थांबा. संघातल्या जोडीदाराऐवजी समोरच्या संघातला सर्वाधिक धावा करणारा घेऊ. गिलच्या वेळी जो रूट, नऊ डावांत ५३७, म्हणजे ५९.७. गावसकरांच्या वेळी सोबर्स, दहा डावांत ५९७, म्हणजे तेही ५९.७. आता गिल १.२६ आणि गावसकर १.६२.

एक ओळ बदलली आणि विजेता बदलला. मी यात काही चलाखी केली नाही, दोन्ही पद्धतींना अर्थ आहे. पण कुणी तुम्हाला एकच गुणोत्तर दाखवून "डेटाने सिद्ध झालं" म्हणत असेल, तर त्याने दुसरं काढून पाहिलं होतं का, हे विचारा. एकाच खेळाडूशी तुलना करणं मुळात कच्चं आहे. मालिकेतले दोन्ही संघांचे पहिले सहा बॅटर घेतले तर ते जरा पक्कं होईल. स्कोअरकार्ड वेबसाइटवर मोफत मिळतं, एक रविवार दुपार लागेल.

माझं मत विचाराल तर ७७४ वर आहे. २० धावा जास्त आहेत म्हणून नाही, चौकडी होती म्हणून तर नाहीच. गावसकर एकवीस वर्षांचे, पहिलीच मालिका, बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी बाहेर, आणि मग आठपैकी सात डावांत पन्नाशीपार. शेवटच्या सामन्यात दात ठणकत असताना १२४ आणि २२०, त्यातल्या दुसऱ्या डावात संघाच्या ४२७ पैकी निम्म्याहून जास्त. भारत ती मालिका १-० ने जिंकला, वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदाच. गिलची मालिका २-२ सुटली. एकाच सामन्यातलं शिखर मोजायचं असेल तर मात्र गिलचं एजबॅस्टन वर, आणि त्यात मला काही अडचण वाटत नाही.

एआय चॅटबॉटला हा प्रश्न विचारला तर बहुतेक वेळा "दोघेही आपापल्या काळात महान" असं गोडगोड उत्तर येतं. त्याऐवजी त्याच्याकडून डावांची यादी मागा आणि बेरीज स्वतः करा. ७७४ आले नाहीत तर कुठला तरी डाव त्याने मनाने लिहिला आहे, असं समजा.

या सगळ्या गणितात एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे: त्या काळातला "सर्वसाधारण खेळाडू" म्हणजे त्या काळात खेळू शकणाऱ्या सगळ्यांमधला सर्वसाधारण. ते खरं असतंच असं नाही. बेब रूथ ज्या लीगमध्ये खेळला तिथे काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये आला, रूथ १९३५ मध्येच थांबला होता. मग रूथचा १०० हा कुणाचा १०० आहे? अमेरिकेच्या मेजर लीगने २०२४ मध्ये निग्रो लीग्जचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले, तेव्हा कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीच्या यादीत टाय कॉबची ०.३६७ दुसऱ्या नंबरवर गेली आणि जॉश गिब्सनची ०.३७२ वर आली. गिब्सनला मेजर लीगमध्ये एकही सामना खेळायला मिळाला नव्हता.

आपल्याकडेही ही रिकामी जागा आहे. पळवणकर बाळू, चांभार समाजातला डावखुरा स्पिनर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट घेऊन आला. पुण्यात त्याच्याच संघातले लोक मैदानात त्याच्या हातात बॉल द्यायचे, पण चहा द्यायचे बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचं कॅप्टनपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. बाळूचे आकडे निदान नोंदले गेले. ज्यांना कुणी बॉलच हातात दिला नाही त्यांची ओळ कुठल्याच शीटमध्ये नाही.

आता ४५१.

डिसेंबर २०११ मध्ये कूचबिहार ट्रॉफीत, म्हणजे एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेत, महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध जालन्याच्या विजय झोलने नाबाद ४५१ केले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकच्या प्रखर चतुर्वेदीने फायनलमध्ये नाबाद ४०४ केले, तेव्हासुद्धा या स्पर्धेतला सर्वात मोठा डाव म्हणून झोलचंच नाव पुन्हा बातम्यांत आलं. पुढे २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये तो भारताचा कॅप्टन होता. त्या टीममध्ये संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव होते.

आणि महाराष्ट्राकडूनच, डिसेंबर १९४८ मध्ये, भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केले होते. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२, म्हणजे बरोबरीला ९ धावा कमी. महाराष्ट्र ८२६ वर असताना, मधल्या सुट्टीत काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून संघासह निघून गेले. आपल्या संघाविरुद्ध विक्रम झाला असं नाव नको होतं. भारतीय बॅटरचा फर्स्ट क्लासमधला हा आजही सर्वात मोठा डाव आहे. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. झोललाही भारताच्या सीनियर संघात संधी मिळाली नाही.

४५१ आणि ४४३. संघ एकच, अंतर ६३ वर्षांचं, फरक ८ धावांचा. इमेज बनवायला एकदम तयार माल. पण ही तुलना म्हणजे दोन फोनचे अंतूतू स्कोअर बघताना ॲपची व्हर्जन न बघणं. नव्या व्हर्जनमध्ये मोजण्याची पद्धतच बदलते, त्यामुळे आकडा मोठा दिसतो म्हणून फोन फास्ट झालेला नसतो. झोलसमोरचे बॉलर एकोणीसच्या आतले, निंबाळकरांसमोरचे मोठे. म्हणून झोलचे ४५१ फर्स्ट क्लासमध्ये धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ केले, म्हणून तो ब्रॅडमनच्या दुप्पट होत नाही, तसंच हे.

मग निंबाळकर पुढे? त्या सामन्यापुरतं, हो. ८२६ पैकी ४४३, म्हणजे निम्म्याहून जास्त धावा एकट्याच्या. पण इथेही खेळायला कुणाला मिळत होतं, हा प्रश्न येतोच, आणि यावेळी तो थेट आपल्या गावाशी जोडलेला आहे. डिसेंबर १९४८ च्या तीनच महिने आधी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. जालना तोवर निजामाच्या राज्यात होतं. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला १९५६ मध्ये, महाराष्ट्र राज्य झालं १९६० मध्ये, आणि जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ ला. पुण्यात तो डाव चालू होता तेव्हा अंबड, भोकरदन किंवा परतूरच्या कुठल्याही पोराचं नाव महाराष्ट्राच्या निवडीसाठी पुढे येण्याचा प्रश्नच नव्हता. बॅट कशी धरतो हे बघायला कुणी आलंच नसतं.

म्हणून झोलचे ४५१ मला निंबाळकरांच्या ४४३ शेजारी ठेवायचे नाहीत. ते १९४८ च्या यादीत जालन्याच्या नावापुढे असलेल्या रिकाम्या जागेशेजारी ठेवायचे आहेत. शीटमध्ये ती जागा भरताना शून्य लिहू नका. शून्य म्हणजे खेळला आणि बाद झाला. तिथे फक्त एक रेघ मारा.